सकाळी सुरू होत नाही, घाटात तापते, चिखलात ओढत नाही: जुन्या डिझेल जीपचा दोष कसा शोधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळकडची जुनी एमएम ५४०, प्यूजोचे २,११२ सीसी डिझेल इंजिन, फोर व्हील. थंडीत सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, सुरू झाली की काही मिनिटे पांढरा धूर सोडत थरथरते. उन्हाळ्यात चढाला काटा लाल रेघेला टेकतो. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर फोर व्हील टाकूनही पुढची चाके ओढत नाहीत. फिटर म्हणतो, पंप (डिझेल दाबाने सिलिंडरकडे पाठवणारा इंजेक्शन पंप) कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून सेट करायला टाका आणि इंजिन उतरवा. करावे का?

आत्ता यातले काहीच करू नका, भाऊ. तीन तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणच्या आहेत आणि प्रत्येकीची स्वस्त कारणे अजून कोणी तपासलेली नाहीत. जुन्या डिझेल इंजिनाला चालायला चारच गोष्टी लागतात: पुरेशा वेगाने फिरणे, आत उष्णता, हवा न मिसळलेले स्वच्छ डिझेल आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे. याच क्रमाने तपासायचे, कारण खर्चही याच क्रमाने वाढत जातो. पंपाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. पंप बंद डबीत असतो आणि त्याला इजा होते ती बहुधा बाहेरून आलेल्या पाण्याने किंवा घाणीने. त्याच्या आधीचा रस्ता न तपासता पंप उघडला, तर पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

सकाळच्या तक्रारीपासून सुरुवात करू.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकलेली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे. आकडा बरा आहे तरी इंजिन जड फिरते, असे असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर) आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टवर धरा. सेल्फ मारताना इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून ब्लॉकपासून चॅसीपर्यंत विणलेली तांब्याची पट्टी लागते. जुन्या गाड्यांत ती सडते किंवा क्लचच्या कामात काढली जाते आणि परत लावायची राहते. मग करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा हँडब्रेकच्या वायरीतून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर यातली एखादी वायर गरम लागली, तर दुसरा पुरावा नको. नवी जाड पट्टी टाका आणि दोन्ही टोकांचा रंग खरवडून काढा.

फिरण्याच्या वेगाला एवढे महत्त्व यासाठी की डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. इंजिन हळू फिरले की दाब रिंगांमधून निसटतो, उष्णता थंड भिंतीत जाते आणि डिझेल न पेटता पांढऱ्या धुरासारखे बाहेर पडते. तुमच्या धुराला कच्च्या डिझेलचा वास असेल, डोळे चुरचुरत असतील आणि इंजिन तापल्यावर तो थांबत असेल, तर हेच घडते आहे. हाच धूर गरम इंजिनालाही येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर गोष्ट वेगळी. ती पुढे येईल.

मग ग्लो प्लग, म्हणजे विजेने तापणाऱ्या कांड्या. प्यूजोचे हे इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचे आहे. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटते आणि थंडीत त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खाऊन टाकतात, म्हणून ग्लो प्लग लागतात. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली गेला की चारपैकी दोन प्लग मेलेली गाडी हमखास त्रास देते. एप्रिलमध्ये तीच गाडी अर्ध्या चावीत सुरू होते, म्हणून दोष वर्षभर लपून राहतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या बहुतेक जीपना ग्लो प्लग नसतातच, त्यांनी ही पायरी सोडून द्यावी.

चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा, नाहीतर मीटर सगळ्यांचा मिळून आकडा दाखवेल. प्रत्येक प्लगचे टोक आणि ब्लॉक यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास असतो, जळालेला काहीच दाखवत नाही. मीटर नसेल तर टेस्ट दिव्याचे एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे प्लगच्या टोकाला लावा. दिवा पेटला तर प्लग जिवंत. चारही चांगले निघाले तर पट्टी परत लावा, चावी हीटवर ठेवा आणि पट्टीवर व्होल्टेज बघा. ११ च्या खाली असेल तर रिले, फ्यूज किंवा डॅशबोर्डवरचा स्विच दोषी.

इथे एक धोका आहे. काही जुन्या इंजिनांत दोन खांबांचे, तारेचे प्लग असतात. ते एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात आणि प्रत्येकाला एक-दोन व्होल्टच मिळतात. त्यांना थेट १२ व्होल्ट दिले तर क्षणात जळतात. त्या जोडणीत एक गेला की चारही बंद. पेन्सिलसारखे एकखांबी प्लग पॅरेललमध्ये असतात आणि तिथे एक गेला तरी बाकीचे चालतात. आपल्या इंजिनाला कोणते आहेत ते आधी पाहा, मगच बॅटरीची वायर टेकवा. हवेच्या तोंडाशी पेटते फडके धरून सुरू करण्याची सवय असेल तर आजच बंद करा. ऑइल बाथ फिल्टरमध्ये तेल असते आणि आग आत ओढली जाते. स्टार्टिंग स्प्रे तर ग्लो प्लग असलेल्या इंजिनात मारायचाच नाही. तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टनच्या रिंगांचे काठ तोडतो.

प्लग ठीक निघाले तर पुढचा संशय हवेचा. जुन्या डिझेलमध्ये हा दोष सगळ्यात जास्त फसवतो, कारण टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) पाइपात डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. तिथे तडा असेल तर बाहेर थेंबही गळत नाही, उलट हवा आत जाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी पंपासमोर नुसती हवा असते. साधी परीक्षा: एक रात्र गाडी तोंड उताराकडे करून उभी करा, दुसऱ्या रात्री तोंड चढाकडे करून. पहिल्या सकाळी लवकर सुरू झाली आणि दुसऱ्या सकाळी छळले, तर हवा घेते आहे. प्लग आणि बॅटरीला गाडी कुठे तोंड करून उभी आहे याने काही फरक पडत नाही.

खात्रीसाठी फिल्टर आणि पंप यांच्यामधला रबरी पाइप काढून तिथे फूटभर पारदर्शक डिझेल पाइप क्लिप लावून बसवा. इंजिन चालू करून दोन मिनिटे बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येणारच, पण नंतरही मोहरीएवढे बुडबुडे ओळीने येत राहिले तर गळती सापडायचीच आहे. मग डब्याची परीक्षा करा. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घ्या, डबा बोनेटच्या उंचीवर घट्ट बांधा आणि त्यातून थेट पंपाच्या तोंडाला पाइप द्या. पंपाकडून टाकीत परत जाणारे डिझेल वेगळ्या डब्यात सोडा. आता गाडी नीट चालली, धूर आणि थरथर गेली, तर पंप निर्दोष आहे. दोष टाकी ते फिल्टर या रस्त्यातच आहे. माझ्या मते पंप उतरवण्याआधी ही एक परीक्षा प्रत्येकाने करावी. अर्ध्या तासाचे काम आहे आणि पंपाचा मोठा खर्च वाचतो.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बॅन्जो बोल्टखालचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर आधी पाहा. ते एकदा दाबले गेले की परत वापरताना नीट बसत नाहीत, प्रत्येक वेळी नवे टाकावेत. मग फिल्टरच्या वाटीचे रबर रिंग, फीड पंपाच्या हातपंपाचा दट्ट्या आणि रबरी पाइपची टोके. आपल्याकडच्या उन्हात बोनेटखालचे रबर वाळते आणि क्लिपखाली बारीक भेगा पडतात. पाइप वाकवून पाहिल्याशिवाय त्या दिसत नाहीत. पाइप सगळा बदलायची गरज नसते. टोक एक इंच कापून परत चढवले तरी चालते, लांबी पुरत असेल तर. टाकीतली ओढनळी वरच्या बाजूला गंजून छिद्र पडली असेल, तर टाकी भरलेली असताना गाडी ठीक चालते आणि अर्ध्याखाली गेली की हवा घेते. हे लक्षण ऐकू आले तर बाकी शोधत बसू नका, नळी काढून पाहा.

दुरुस्तीनंतर एअर काढायची ती क्रमाने. आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन आटे ढिला करा आणि हातपंप मारा, बुडबुड्यांशिवाय डिझेल येईपर्यंत. स्क्रू घट्ट करताना हातपंप थांबवू नका, नाहीतर हवा परत शिरते. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलवरचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) नट एक-दीड आटा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागले की आवळा. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. ढिल्या नटातून उडणारे डिझेल बोटाने अडवायचे नाही. उच्च दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवावा लागू शकतो.

शेतावर बॅरल किंवा कॅनमध्ये डिझेल साठवत असाल तर पाणी नक्की तपासा. उभ्या बॅरलच्या डोक्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा तापलेले बॅरल रात्री थंड होताना आत हवा ओढते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणीही. बॅरल तिरपे ठेवा, बूच उंच बाजूला, आणि तळाचे दोन-तीन इंच डिझेल गाडीत घालू नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फिल्टरखालचा स्क्रू उघडून कपभर डिझेल काचेच्या ग्लासात घ्या आणि दहा मिनिटे ठेवा. पाणी खाली वेगळे बसते. पाण्याने फिल्टरचे फार बिघडत नाही, बिघडते ते पंपाच्या आतल्या भागांचे. रोटरी पंपाला तर डिझेल हेच वंगण, त्याच्या पोटात पाणी गेले की खरोखर कॅलिब्रेशनला जावे लागते. रोटरी पंपावर एक स्टॉप सॉलेनॉइडही असतो, म्हणजे डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व. चावी फिरवल्यावर तिथे टक असा आवाज यायला हवा. आला नाही तर त्याच्या वायरीवर १२ व्होल्ट आहेत का बघा. इनलाइन पंपाच्या गाडीत स्टॉप दांडीची केबल गंजून अर्ध्यावर अडकते आणि तो दोषही पंपाच्या नावावर जातो.

इथपर्यंत काही सापडले नाही तरच इंजिनाकडे वळायचे. सुरू झालेल्या थरथरत्या इंजिनाचे एकेक नोझल-नट क्षणभर ढिले करा. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावर आवाज बदलतो तो काम करतो आहे. ज्याने काही फरक पडत नाही तो आळशी. त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करा, खालचे वायसर नवे टाकून. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागीच राहिला तर टॅपेट (व्हॉल्वचा गॅप) किंवा कॉम्प्रेशन.

टॅपेट हा विसरलेला विषय आहे. व्हॉल्व आणि त्याची सीट घासत जाते तसा व्हॉल्व वर सरकतो आणि गॅप कमी होतो. म्हणून जुने इंजिन शांत झाले की लोक खूश होतात, प्रत्यक्षात व्हॉल्व पूर्ण बसत नसतो. खडखडणारा टॅपेट कानाला त्रास देतो, घट्ट टॅपेट व्हॉल्व जाळतो. आपल्या इंजिनाचा गॅप मॅन्युअलमधून घ्या आणि थंड इंजिनावर फिलर गेजने लावा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, म्हणून सोपी रीत अशी: चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी हलत असतील (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) तेव्हा पहिल्याचे लावा. दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचे, पहिल्याचे हलताना चौथ्याचे, तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे. एवढ्या कामाने सकाळची तक्रार गेली तर इंजिन उतरवण्याचे कारणच संपले.

कॉम्प्रेशन मोजायचे तर डिझेलचा गेज मागवा, पेट्रोलचा फुटतो. या प्रकारच्या इंजिनात २५ बारच्या वर समाधानकारक, २० च्या खाली थंडीत त्रास. सगळे सारखे कमी असतील तर झीज, एकच कमी असेल तर व्हॉल्व किंवा गॅसकेट. गेज नसेल तर चालू गरम इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण उघडा. हलकी वाफ चालेल, पण भक-भक दाबाने धूर येत असेल आणि निळा धूर मागेही असेल, तर रिंगा गेल्या. तेव्हा फिटरचे म्हणणे मान्य करा.

इंजिन असे अकाली झिजते ते धुळीने, म्हणून एअर फिल्टरबद्दल चार शब्द. ऑइल बाथ फिल्टरची वाटी उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर दर आठवड्याला उघडा. तळाशी गाळाचा थर बोटाच्या पेराएवढा झाला की तेल बदला. नवे तेल खुणेपर्यंतच, वर नाही. जास्त भरलेले तेल इंजिन ओढून घेते आणि डिझेल इंजिन ते जाळतेही. निळा धूर दिसतो, लोक रिंगा बदलतात आणि धूर तसाच राहतो. कमी तेलात धूळ अडत नाही. मग फिल्टर ते मॅनिफोल्ड हा रबरी पाइप काढून आत पांढरे फडके फिरवा. फडक्यावर तांबूस-काळी पूड आली तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आहे. क्लिप आणि पाइप त्याच दिवशी बदला.

तापण्याच्या तक्रारीत पहिला प्रश्न एकच: कधी तापते? हळू, कमी गियरमध्ये, शेतात तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर हवेचा दोष: फॅन, बेल्ट, फॅनभोवतीचे आवरण, जाळीत अडकलेली घाण. भरधाव आणि चढाला तापत असेल, तर पाण्याचा दोष: आतून चोंदलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, गॅसकेट. तुमची दुसऱ्या जातीची दिसते, पण पहिली अर्ध्या तासात होते म्हणून आधी तीच करा. रेडिएटरच्या जाळीत कुसळे, कापसाचे तंतू आणि वाळलेला चिखल बसतो. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, कमी दाबाने, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. प्रेशर वॉशरने पत्रे वाकतात. बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर १० ते १२ मिलिमीटर दबावा.

आता पाणी. आपल्याकडे बोअरचे पाणी जड आहे. तेच वर्षानुवर्षे भरले की रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडभोवती पांढरा थर धरतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. झाकण उघडून (इंजिन थंड असताना) आत टॉर्च मारून पाहा, नळ्यांच्या तोंडाशी खपली दिसेल. थोडी असेल तर रसायनाने धुऊन निघते, जास्त असेल तर रेडिएटरवाल्याकडे टाक्या उघडून रॉडिंग करावे लागते. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. आमच्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला, हा युक्तिवाद चुकीचा आहे. ते गंज थांबवते आणि उकळण्याचा अंश वाढवते.

रेडिएटरचे झाकण हा स्वस्त आणि दुर्लक्षित भाग. त्यातली स्प्रिंग पाणी दाबाखाली ठेवते. सात पौंडाचे (दर चौरस इंचाला) झाकण उकळण्याचा अंश साधारण १० अंशांनी वाढवते. चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास उंच आहे, तिथे उघडे पाणी ९६ अंशांनाच उकळते. स्प्रिंग मेलेली असेल तर मे महिन्यात घाटाच्या माथ्यावर पाणी उसळणारच, इंजिनात दोष असो वा नसो. रबर कडक झाले असेल तर त्याच पौंडाचे नवे झाकण घ्या, जास्त पौंडाचे नको, जुना रेडिएटर फुटतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नाही. त्याशिवाय इंजिन थंड चालते, डिझेल ऑइलमध्ये उतरते, झीज वाढते. बायपास असलेल्या इंजिनात तर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरते आणि उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवून थर्मामीटरसह तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाला, बहुतेकांत ८२ च्या आसपास, तो उघडायला लागला पाहिजे. उघडला नाही तर बदला.

हेड गॅसकेटचा संशय थंड इंजिनावरच मिटवा. झाकण उघडे ठेवून सुरू करा. एक-दोन मिनिटांत, पाणी अजून गार असताना, सतत बुडबुडे येत राहिले किंवा झाकण लावल्यावर वरचा होज लगेच दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतो आहे. हेड उतरवावे लागेल आणि लेथवाल्याकडे सपाटी तपासल्याशिवाय परत बसवू नये. हे काहीच नसेल तर विचारा की मधल्या काळात कोणी पिकअप वाढवण्यासाठी पंपाचा फ्यूएल स्क्रू (डिझेलचे प्रमाण ठरवणारा) आत फिरवला का. चढाला काळा धूर आणि तापणे एकत्र आले की कारण बहुधा हेच. घाटात तापली तर इंजिन लगेच बंद न करता न्यूट्रलमध्ये थोडे वाढवून चालू ठेवा. झाकण उघडू नका आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा त्यानेच जातो.

फोर व्हीलची तक्रार मला सगळ्यात सोपी वाटते. दांडी ट्रान्सफर केसमधले (गियरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) दात जुळवते, पुढचा शाफ्ट फिरतो, डिफ (डिफरन्शियल) फिरतो, ॲक्सल फिरतो आणि हब चाकाला पकडतो. साखळी कुठे तुटली ते हाताने कळते. सपाट कठीण जागेवर मागच्या दोन्ही चाकांना पुढे-मागे दगड लावा. पुढचा ॲक्सल जॅकने उचलून भक्कम ठोकळ्यांवर ठेवा, दोन्ही चाके अधांतरी. इंजिन बंद, गियर न्यूट्रल, ट्रान्सफरची दांडी फोर व्हीलमध्ये. हबवर लॉक-फ्री असेल तर दोन्ही लॉकवर. दांडी बसत नसेल तर शाफ्ट थोडा हलवून दात जुळू द्या.

आता पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. तो मोकळा फिरला तर दोष ट्रान्सफर केस किंवा दांडीच्या जोडणीत आहे. बहुतेक वेळा दांडीखालच्या पिना झिजलेल्या असतात किंवा चिखल वाळून दांडी पूर्ण सरकत नाही. तळाशी जाऊन कोणी दांडी हलवत असताना रॉड खरोखर सरकतो का ते पाहा. शाफ्ट पक्का असेल तर डावे चाक फिरवा. उजवे उलट्या दिशेने फिरले पाहिजे. तसे झाले तर ट्रान्सफर ते चाक सगळे ठीक आहे, गाडीला फक्त चांगले टायर हवेत. चाक हलके फिरले आणि दुसरे जागचे हलले नाही, तर एखाद्या बाजूचा हब पकडत नाही किंवा आतला ॲक्सल शाफ्ट, जॉइंट तुटला. हबचे झाकण काढून आतला शाफ्ट चाकाबरोबर फिरतो का पाहिले की कोणती बाजू ते कळते. हबमधले ग्रीस वाळून दगड झालेले असले की लॉक फिरवूनही आतली क्लच रिंग सरकत नाही. डिझेलने धुऊन, हलके ग्रीस लावून बसवा. गच्च ग्रीस भरू नका.

फोर व्हील टाकल्यावर सुटत असेल तर दांडी जागी धरणारी डिटेंटची स्प्रिंग, झिजलेले दात किंवा फाटलेले माउंटिंग बघा. आणि दांडी अडकून बसत असेल, तर गाडी डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवली जाते का ते विचारा. या गाड्यांत मधले डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि डांबरावर घसरायला जागा नसल्याने सगळी यंत्रणा पिळली जाते. अडकली तर चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो. चिखलातही अडकत असेल तर एक कारण नीट तपासा: भंगारातून आणून बसवलेला डिफ. पुढच्या आणि मागच्या डिफचा रेशो एकच हवा. एक चाक जमिनीवर दगड लावून पक्के, दुसरे अधांतरी, ट्रान्सफर न्यूट्रल. अधांतरी चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. तो आकडा म्हणजे रेशो. पुढे-मागे वेगळा आला तर फोर व्हील वापरू नका, ट्रान्सफर केस फुटेल.

पावसाळा संपला की दोन्ही डिफ आणि ट्रान्सफर केसचे ऑइल तपासा. गरम ॲक्सल नाल्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते, ब्रीदर (हवा येण्या-जाण्याचे छिद्र) चिखलाने बंद असेल तर हमखास. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी ड्रेन नट हळूच ढिला करा. आधी पाणी टपकले किंवा ऑइल दुधाळ असेल तर सगळे बदला आणि ब्रीदर साफ करा.

पुढचे चाक ४० च्या वेगाला थरथरत असेल तर आधी चाक उचलून वर-खाली धरून हलवा. हलले तर कोणाला ब्रेक दाबायला सांगा. ढिलेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळते ती खीळ). डावी-उजवीकडे हलले तर टाय रॉड एंड. गियर टाकताना किंवा पाय सोडताना खाली टक वाजत असेल तर शाफ्टचे क्रॉस (टोकाचे युनिव्हर्सल जॉइंट) बघा. टोपीभोवती तांबडी पूड म्हणजे आतल्या सुया कोरड्या पडल्या.

तुम्ही ब्रेकबद्दल काही विचारलेले नाही, पण घाटात जाणारी जुनी डिझेल गाडी आहे म्हणून सांगतो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. बूस्टर (ब्रेकला जोर देणारा) असलेल्या गाड्यांत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो आणि आपल्या बऱ्याच जीपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. अल्टरनेटर रिवाइंडिंगला गेला की त्याचा ऑइल पाइप किंवा व्हॅक्यूम पाइप हमखास ढिला राहतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच वेळा दाबा, पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जायला हवे. गेले नाही तर आधी हे दुरुस्त करा, मग बाकीची कामे काढा.